भाताच्या दाण्याएवढं सोनं

हौसा कवळाचा भारा डोक्यावर घेऊन ओहळाच्या वळणाशी आली, तवा तिच्या राबाच्या जागेत एक माणूस कमरेइतका जमिनीत गेलेला होता. अंगात बनियन, डोक्याला टॉवेल. टिकाव मारत होता आणि माती उडून बांधावर पडत होती. बांध तरी कुठं राहिला होता. मधोमध फोडून ये-जा करायची वाट केलेली.

त्यानं वर बघितलं.

"मावशी, इथं काय काम हाय तुमचं?"

तिच्या जमिनीत उभा राहून तिलाच इचारतोय. हौसाला वाटलं, भारा असाच त्याच्या टाळक्यात घालावा. पण कवळ तोडायला पार डोंगराच्या पाठी जावं लागतं, फॉरेस्टवाला भेटला तर कोयता काढून घेतो, आणि येताना मान खांद्यात शिरते. असा भारा कुणाच्या टाळक्यावर फुकट घालवत नाय कोणी. तिनं तो हळू उतरवला, ऐनाच्या फांद्या सारख्या केल्या, आणि मग सांगितलं की ही जागा माझी. माणूस म्हणाला, तुमच्या पोरालाच इचारा, त्यानंच आखून दिली.

खरंच, खड्ड्याभोवती पांढऱ्या फक्कीची रेघ होती. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी.

करंजपाडा हा डोळखांबच्या पुढं, डांबर संपतं तिथनं आत. हौसाचं खाचर वर, सगळं मुरमाड. ओल धरणारी माती म्हंजे ओहळाच्या वळणावरचा हा एवढाच तुकडा. चैत सरला की इथं खाली शेण, वर कवळ, त्यावर पेंढा, आणि सगळ्यात वर बारीक माती. वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हंजे आग धावत नाय, चरत चरत जाते. मिरगात त्या राखेत पेरलं की रोप होतं, ते वर नेऊन लावायचं. राब नाय तर रोप नाय, रोप नाय तर वर्षभर रेशनच्या तांदळाकडं बघायचं. साईनाथ चड्डी घालायला शिकला नव्हता तवापासून ती त्याला राबावर आणायची. त्याचा हात धरून शिकवायची, बाळा, राखेवर तळवा नाय धरायचा, हात पालथा धरायचा. तळव्याला घट्टे, त्याला उशिरा कळतं. वरनं राख गार दिसते, आत विस्तव बसलेला असतो.

तोच साईनाथ आता गळ्यात शिट्टी आणि डोळ्यावर काळा चष्मा लावून हिंडत होता.

हे सगळं राघोनं सुरू केलं. राघो म्हंजे हौसाच्या नवऱ्याचा, वाल्मिकचा, चुलतभाऊ. ओहळ आटून खाली कोंडात पाणी राहिलं होतं, ते म्हशींसाठी मोकळं करायला गेला, तर फावड्यात वाळूबरोबर पिवळं काहीतरी आलं. दाताखाली धरलं, दात बसला. शहापूरला सराफाकडं नेलं. सराफ म्हणाला, सोनं आहे, विकणार का? राघो नाय म्हणाला. काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं, म्हणाला ही लक्षुमी हाय, एकटी येत नाय, पाठून बहिणी येतात. त्याच्या भाविकनं फोनवर व्हिडिओ काढला आणि टाकला. व्हिडिओत दाणा दिसतच नव्हता, राघोचं नाकच दिसत होतं. पण लोकांना नाक पुरलं.

आधी मुरबाडकडनं दोन मोटरसायकली आल्या. मग सरळगाव, किन्हवली, कसारा. मग टमटम भरून भरून. लोक घमेल्यात वाळू घेऊन कोंडात गोल गोल फिरवायला लागले आणि मिळायलाही लागलं, हेच तर वाईट झालं. कुणाला मोहरीएवढा कण, कुणाला नुसती चमक, एकाला नाकातली फुली, अर्धी वितळलेली. फुली मिळाली तवा बोलणं फिरलं, हा खजिना हाय, माहुलीच्या किल्ल्यावरनं वाहून आला. माहुली कुठं, करंजपाडा कुठं. पाणी काय डोंगर चढून येतं? पण हे कुणी इचारलं नाय. सोनं दिसायला लागलं की माणसाला नकाशा दिसत नाय.

बघता बघता वळणावर गाव बसलं. निळ्या ताडपत्र्या, चहा, वडे, चाळणी विकणारी बाई, जनरेटर लावून फोन चार्ज करून देणारा, एक तर दाढी करणारा पण आला. डोळखांबच्या नाक्यावर टमटमवाले ओरडायला लागले, सोनवळण, सोनवळण. आमच्या पाड्याचं नाव घ्यायला यांची जीभ कधी वळली नाय, तीन दिवसांत सोनवळण झालं. त्या गावाला संडास मात्र नव्हता. त्यासाठी हौसाचं वरचं खाचर होतं.

आणि मधोमध रंगीत छत्रीखाली मनोजशेठ. कल्याणचा झारेकरी. सोनारांच्या दुकानातला झाडलेला कचरा विकत घेऊन, धुऊन त्यातनं सोनं काढणारा. त्याच्याकडं छोटा काटा आणि पाऱ्याची बाटली. कुणी काळी वाळू आणली की तो पाण्यात पाऱ्याचा थेंब सोडायचा, चमक त्याला चिकटायची, आणि उरलेलं पाणी परत कोंडात. म्हशी तेच प्यायच्या.

साईनाथ त्याच्या छत्रीत बसायचा. भिवंडीच्या गोडाऊनमधलं काम दिवाळीत सुटलं तेव्हापासून घरी होता, दिवसभर खाटेवर फोन. आता त्याला काम मिळालं होतं. खड्डे आखायचे, भांडणं सोडवायची, शिट्टी मारायची.

हौसा त्याच्याकडं गेली तवा तो उठलासुद्धा नाय.

"राबाच्या जागेत माणूस घातलास?"

"आये, टाइम बघ जरा. मान्सूनच्या आत जेवढं निघंल तेवढं काढायचं. राब दुसरीकडं कर."

"दुसरीकडं कुठं, तुझ्या कपाळावर?"

छत्रीतली माणसं हसली. साईनाथचा कान लाल झाला. तो म्हणाला, बाबा मेला तो राब करून करूनच मेला, तुला काय मिळालं त्यातनं. हौसानं हात उचलला होता, पण माणसं बघत होती, मग तिनं पदरच सारखा केला. मागं वळून आली तर तिचा भारा जागेवर नव्हता. त्या बनियनवाल्यानं कवळ पसरून त्यावर बसायची सोय केली होती. जेवत होता.

तिनं त्याच्या ढुंगणाखालनं एक एक फांदी ओढून काढली. तो म्हणाला, मावशी, भाकरी तर खाऊ द्या. तिनं फांदी झटकली, भाकरीचा तुकडा उडून खड्ड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी कवळाला जाताना बरोबर संघरत्ना होती. ओहळापल्याडच्या बौद्धवाड्यातली. दोघींचे राब वर्षानुवर्षं एकमेकींच्या हातानं व्हायचे, एक दिवस हिचं कवळ, एक दिवस तिचं. संघरत्नाचा राब वरच्या अंगाला होता, तिथं अजून कुणी टिकाव घातला नव्हता. झाडावर चढून फांद्या छाटता छाटता ती म्हणाली, आमच्या वाड्यातली पण चार पोरं जातायत खाली. मी म्हटलं जा, पण घमेलं माझं नेऊ नका, त्यात मी शेण भरते.

परतताना मनोजशेठनं हौसाला हाक मारली, पाणी मागितलं. तिनं कळशीतनं ओंजळीत ओतलं. म्हातारा होता तो, तोंडातले दात बसवलेले, पण बोलायला गोड. पाणी पिऊन म्हणाला, मावशी, मी तरुणपणी कोलारला होतो. खाणीचा कचरा धुवायला. तिथं सोन्यासाठी अख्खं शहर वसलं होतं, क्लब होता, बँड होता, लाइट तर आपल्या आधी आली. सोनं संपलं. आता गाळाचे डोंगर राहिलेत, वारा सुटला की घराघरात धूळ. लोक खिडक्यांना ओले कपडे लावतात.

"मंग इथं पण तसंच व्हायचं म्हना."

"इथं?" तो हसला. "इथं खाण कुठाय. हे मातीतलं सोनं नाही, मावशी. यात तांबं आहे. कधीतरी कुठल्यातरी सोनारानं घडवलेलं आहे हे." मग आवाज उतरवला. "वर ओहळावर काय आहे?"

हौसा म्हणाली, वर काय असणार. जांभळी हायेत. आणि आमची मसणवट.

मनोजशेठनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होता. मग म्हणाला, हे कुणापाशी बोलू नका, आणि छत्रीत जाऊन बसला.

हौसाच्या डोक्यात अजून काही आलं नव्हतं. ती चहाच्या ताडपत्रीसमोरनं चालली होती. राघो बाकड्यावर बसून बशीत चहा ओतत होता. बशी तोंडाला लावायला वाकला, आणि त्याच्या गळ्यातला दोरा शर्टातनं सुटून पुढं लोंबला.

लांबुळका दाणा. एका टोकाला जरा चेपलेला, भाताच्या दाण्यागत.

हौसाचा हात स्वतःच्या गळ्याकडं गेला. तिथं काळ्या पोतीत एकच सोन्याचा मणी होता. लांबुळका. सासूची तुटकी कुडी शहापूरच्या सोनाराकडं नेली होती, त्यानं सांगितलं, एवढ्यात गोल मणी होत नायत, पोकळ करावे लागतील, चेपतील. वाल्मिक म्हणाला, मंग लांबट कर, भाताच्या दाण्यासारखे, आमी भातवालेच हाव. दोनच मणी झाले. सोनार पण हसला होता.

वाल्मिक काविळीनं गेला. पिवळा हळदीगत झालेला. बायकांनी सांगितलं, तोंडात सोनं घाल, सोन्याबिगर धाडू नये. घरात दुसरं होतं काय? तिनं पोत दातानं तोडली, एक मणी काढला. त्याचा जबडा आवळलेला. अंगठ्यानं दात उघडून मणी जिभेखाली ढकलावा लागला. त्या दातांचा गारवा तिच्या अंगठ्याला अजून कधीकधी लागतो, पाण्यात हात घातला की. तिसऱ्या दिवशी अस्थी उचलल्या आणि उरलेली राख ओहळात लोटली, सगळेच लोटतात. तिच्या सासऱ्याची, सासूची, सगळ्या पाड्याची राख तशीच गेली. पावसाचं पाणी ती घेऊन आलं आणि वळणावर टाकत गेलं, वर्षानुवर्षं.

वितळला नव्हता. नुसता एका टोकाला चेपला होता.

ती घरी गेली नाय. मनोजशेठनं गप्प राहायला सांगितलं होतं, पण हौसाला गप्प बस म्हटलेलं कधी मानवलं नव्हतं. दुपारची वेळ, सगळे खड्ड्यातनं निघून सावलीला जेवत होते. ती राघोसमोर जाऊन उभी राहिली आणि आपली पोत गळ्यातनं काढून त्याच्या दाण्याशेजारी धरली. आसपासच्यांनी माना लांब केल्या. दोन्ही दाणे एका आईचे होते, ते आंधळ्याला पण कळलं असतं.

"हा मी ह्यांच्या तोंडात घातलेला," ती म्हणाली. "तुमी सगळे काय धुताय ते समजलं का? माझा नवरा धुताय. राघोभावजी, तुमचा बाप पन हाय त्यात. ज्यांना ज्यांना आपन खांद्यावर नेलं त्यांच्या तोंडचं हाय हे."

कुणीतरी घास खाली ठेवला. चाळणीवाली बाई देवाचं नाव पुटपुटली. बनियनवाल्यानं हात पँटीला पुसले, परत पुसले. कोंडातल्या पाण्यानं चूळ भरणारा एकजण काठावर जाऊन ओकारी काढायला लागला. हौसानं राघोपुढं हात पसरला.

राघोनं दाणा मुठीत घेतला. वाल्मिकच्या तिरडीला पुढचा खांदा त्यानंच दिला होता, हमसून हमसून रडला होता. मुठीकडं बघत तो म्हणाला, "मंग दादानंच मला दिला म्हनायचा, वयनी. नायतर एवढ्या मान्सात माझ्याच फावड्यात कसा आला असता."

आणि शर्टाची वरची गुंडी लावली.

पण बाकीचे हलले. संध्याकाळपर्यंत टमटमा भरून गेल्या, अर्ध्या ताडपत्र्या उतरल्या. जनरेटर बंद. संघरत्ना फावडं घेऊन आली, दोघींनी मिळून राबातला मोठा खड्डा बुजवला. माती वर-खाली झाली होती, काळी खाली गेलेली, वाळू वर आलेली. तरी होईल म्हणाल्या, शेण जास्त घालू. बांध नुसता ढेकळांनी सांधला. बुजवता बुजवता संघरत्ना म्हणाली, "आमच्यात तोंडात काय घालत नायत, बाय. आमचे मेले सुटले." आणि हौसाला त्या दिवसात पहिल्यांदा हसायला आलं. हसता हसता तिला खाली बसावं लागलं.

त्या संध्याकाळी साईनाथ घरी आला, ताटाकडं बघितलं नाय. शिट्टी काढून खुंटीला लावली. म्हणाला, लोकांच्या हाताला काम होतं, तू तोंड उघडलंस आणि सगळं खाल्लंस. हौसानं त्याचं ताट झाकून ठेवलं. जिंकलेल्यानं बोलू नये असं तिला वाटलं. पोरगा आज रुसलाय, चार दिवसांनी राब पेटवायला येईल.

सकाळी उठली तर खुंटीवर शिट्टी नव्हती.

ती वळणावर गेली. वळण मोकळं होतं. कागदी पेले, वड्यांचे कागद, एक चप्पल. कोंडाच्या काठाला वाळूत पाऱ्याचे बारीक थेंब. तिनं कवळाचे भारे मोजल्यासारखे हातानं चाचपले, सगळे होते. मग तिला आवाज आला. टिकावाचा. एक नाय, पुष्कळ. वरनं येत होता, जांभळींच्या अंगानं.

हौसा तिथंच उभी राहिली. तिला सगळं एकदम समजलं. तिला वाटलं होतं आपण लोकांना लाज दाखवली. तिनं पत्ता दाखवला होता.

मसणवटीत जत्रा भरली होती. निळ्या ताडपत्र्या तिथं लागल्या होत्या. चहावाला पण आला होता, जरा लांब बसला होता एवढंच. ओकारी काढणारा माणूस तोंडाला रुमाल बांधून खणत होता. राखेनं काळी झालेली माती चाळणीतनं पडत होती, कोळसे, हाडकांचे पांढरे खडे, ते कडेला वेगळे काढून ठेवत होते, नीट, पानावर. तेवढा मान ठेवला होता. पाड्यातली माणसं आपापल्या माणसाच्या जागा धरून बसली होती. बाहेरच्याला हात लावू देत नव्हती. आमचा आजा हाय हा, तुमी तिकडं जा. फक्कीच्या रेघा मारलेल्या. प्रत्येक चौकोनात एक घर.

वाल्मिकच्या जागेवर, जिथं त्याच्या आईबापालाही आग दिली होती, अजून टिकाव पडला नव्हता. चौकोन मात्र आखलेला होता. साईनाथ त्यात उभा होता, हातात चाळण. राघो त्याच्या शेजारी.

साईनाथ म्हणाला, "आये, आपन नाय खनलं तर दुसरा कोन तरी खनंल. तू बघतेस ना."

हौसानं बघितलं. मग ती वळली आणि खाली गेली.

पहिला भारा आणला तवा कुणाला कळलं नाय. दुसरा आणला तवा संघरत्ना वाटेत भेटली, तिनं भाऱ्याकडं बघितलं, मसणवटीकडं बघितलं. "राबाचं कवळ हाय ते. मंग पेरशील कशात?" हौसा थांबली नाय. संघरत्ना जराशानं तिच्या मागनं आली, तिच्याही डोक्यावर भारा होता. शेण आणलं, टोपलीवर टोपली. हौसानं साईनाथला बाजूला हो म्हणून सांगितलं नाय, त्याच्या पायांपाशी शेण पसरायला लागली, तसा तोच मागं सरला. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत शेण, वर कवळ, वर घरचा पेंढा. माती बारीक करून वरनं शिंपली, जशी दरसाल शिंपायची. लोक खणायचं सोडून बघत होते. कुणी हसलं नाय.

वारा जांभळीकडनं होता. ती उलट बाजूला गेली, काडी ओढली.

धूर आधी जमिनीलगत राहिला. ऐनाची पानं तडतडली. आग धावली नाय, चरत चरत निघाली, आणि वाल्मिकच्या जागेवर परत विस्तव झाला. राघो खोकत मागं हटला, मागच्या जांभळीखाली घमेलं उपडं घालून त्यावर बसला. दाणा शर्टाच्या आत होता. मनोजशेठनं आपली छत्री धुरातनं जरा हलवली. बाकीच्यांनी थोडा वेळ बघितलं, मग एका चौकोनातनं टिकाव वाजला, मग दुसऱ्या.

संघरत्ना हौसाच्या कानाशी म्हणाली की माझ्या राबातला एक कोपरा तुझा, बी तेवढं आन. आणि गेली, तिला घरी म्हैस सोडायची होती.

हौसा फावडं मांडीवर आडवं घेऊन राबाच्या कडेला बसली. ऊन चढलं. धग एका गालाला लागत होती, ऊन दुसऱ्या. तिची वर्षाची रोपं तिच्या डोळ्यापुढं राख होत होती, आणि ती राख कुणाच्या कामाची नव्हती.

साईनाथ आला. तिला वाटलं, आता शेजारी बसेल. तो उभाच राहिला.

"आये, ऊन लागंल. सावलीत ये."

चाळण त्यानं खाली ठेवली नव्हती.

ती हलली नाय, तसा तो जाऊन राघोच्या शेजारी टेकला. गळ्यातली शिट्टी बोटाला गुंडाळत, सोडत बसला. आग शेवटच्या रेघेला जाऊन विझली. वर नुसती करडी राख राहिली, मऊ, गार दिसणारी. राघो उठायला लागला. साईनाथनं त्याचा हात धरून खाली बसवलं.

तो स्वतः उठून पुढं आला, राबाच्या कडेला उकिडवा बसला, आणि हात पालथा करून राखेवर धरला. मग काढून घेतला.

"अजून नाय," तो राघोला म्हणाला.

हौसानं फावड्याची मूठ घट्ट धरली. राब निवायला किती वेळ लागतो, हे त्याला तिनंच शिकवलं होतं.